विचारायला कुणीतरी हवं

गेली दोन वर्षं माझे विकांत ठरलेल्या रुळांवरून चालतात. अक्षरशः. शनिवारी सकाळी पनवेलला रोह्याकडे जाणारी मेमू पकडायची, सोमाटणे, रसायनी, आपटा करत जित्याला उतरायचं. रविवारी संध्याकाळी उलट. जिते हे नाव तुम्ही ऐकलं असण्याची शक्यता कमीच. पेणच्या अलीकडचं हमरापूर गणपतीच्या मूर्तींमुळे थोडंफार ठाऊक असतं, त्याच्याही अलीकडचं हे स्टेशन. तुम्ही कोकणात जाताना इथून शंभर वेळा गेला असाल, पण झोपेत. कारण कोकणच्या गाड्या इथे थांबत नाहीत. प्लॅटफॉर्मवरची धूळ उडवून निघून जातात.

घरी बाबा आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस. बोलण्याची प्रचंड हौस. दोन वर्षांपूर्वी एका पहाटे उठले ते उजवा हात, उजवा पाय आणि भाषा हरवूनच. डॉक्टरांनी फोटो दाखवून समजावलं : मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी, बोलण्याचं केंद्र तिथेच. त्यांना सगळं समजतं, पण शब्द बाहेर येत नाहीत. मराठीच्या मास्तरांना शब्द सापडू नये... असो. यावर मी जास्त लिहिणार नाही, कारण मला अजून जमत नाही.

त्याच सुमारास आमच्या हापिसात माणसं कमी करायची लाट आली होती. मी वाचलो, पण टीममधले निम्मे गेले आणि त्यांचं काम माझ्या गळ्यात आलं. मग कंपनीने उरलेल्या लोकांसाठी एक वेबिनार ठेवला. विषय होता 'रेझिलियन्स'. स्क्रीनवर एक प्रसन्न बाई, मागे कमळाचं चित्र. चार मोजत श्वास घ्या, चार मोजत सोडा, रोज तीन गोष्टींबद्दल कृतज्ञता लिहा, आणि लक्षात ठेवा, प्रत्येक संकट ही एक संधी असते. मी कॅमेरा बंद केला. आई तेव्हा शेजारच्या खोलीत बाबांचं अंथरूण बदलत होती. ही संधी नेमकी कोणाला, असं विचारायचं फार मनात आलं होतं. विचारलं नाही. अप्रेझल जवळ आलं होतं. :)

तर आजचा मुद्दा हा आहे. सोसायचं कसं? त्यासाठी आपल्याजवळ, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या तिशीतल्या, लॅपटॉपवाल्या, देवाशी लग्नपत्रिकेपुरता संबंध ठेवणाऱ्या लोकांजवळ, नेमकं आहे काय? मला याचं थोडंसं उत्तर अगदी अनपेक्षित ठिकाणी मिळालं. पेणहून आमच्याकडे येणाऱ्या एका निवृत्त नर्सबाईंकडे.

आम्ही सगळे त्यांना सिस्टरच म्हणतो. मूळच्या नगरकडच्या. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण त्या स्वतः नगरच म्हणतात.) तीन पिढ्यांपासूनचं मराठी ख्रिस्ती कुटुंब. सरकारी नोकरी करून निवृत्त झाल्या. आठवड्यातून तीन दिवस रिक्षाने येतात, बाबांचं बीपी बघतात, पाठीला जखम होत नाही ना ते पाहतात, व्यायाम करून घेतात. जाण्याआधी पाच मिनिटं डोळे मिटून खुर्चीत बसतात. पहिल्या दिवशीच त्यांनी आईला विचारलं होतं, "वहिनी, मी मनातल्या मनात प्रार्थना केली तर तुम्हाला चालेल ना?" आई म्हणाली, "करा की. आमचा गणपती काही रागावायचा नाही."

खरं सांगायचं तर रागावलो होतो मीच. वाटलं, आता हळूच पत्रकं येणार, मग पुस्तक, मग 'एकदा येऊन तर बघा'. दोन वर्षं झाली, पत्रक आलेलं नाही. उलट मीच त्यांच्याकडून पुस्तकं मागून आणली. स्पष्टच सांगतो, मी ख्रिस्ती नाही, होण्याचा विचारही नाही. देव आहे की नाही यावर माझं मत दर पावसाळ्यात बदलतं. त्यामुळे हे प्रवचन समजू नका. बाहेरच्या माणसाने खिडकीतून आत पाहून लिहिलेली ही टिपणं आहेत.

बाबांनी साधारण चौथ्या महिन्यात व्यायाम सोडला. हात धरला की झटकायचे. तोंड भिंतीकडे. एका शनिवारी मी घरीच होतो. सिस्टर आल्या, त्यांनी बळजबरी केली नाही. नुसत्या बसून राहिल्या. मग कशावरून तरी आपल्या मुलाबद्दल बोलायला लागल्या. बावीस वर्षांचा होता, महामार्गावर मोटारसायकलचा अपघात झाला. त्या रात्री त्या स्वतःच कॅज्युअल्टीला ड्यूटीवर होत्या. बाबा वळून त्यांच्याकडे बघायला लागले. मग मोठ्या कष्टाने, डाव्या हाताने वर बोट दाखवत, दोन शब्द काढले. "देव... का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. असं कोणी विचारतं का? पण सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "काका, हेच मी त्याला रोज विचारते. अकरा वर्षं झाली. अजून सांगितलं नाही त्याने." थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "पण विचारायला कुणीतरी आहे ना. ते नसतं तर मी वेडी झाले असते."

मग पदर खोचून उठल्या आणि म्हणाल्या, "चला, हात द्या." बाबांनी हात दिला.

त्या दिवशी माझी एक जुनी समजूत मोडली. श्रद्धा म्हणजे उत्तर, असं मी धरून चाललो होतो. श्रद्धावंताला 'का' चं उत्तर मिळालेलं असतं, म्हणून तो शांत असतो; आणि ते उत्तर बहुधा खोटं असतं, म्हणून आपण हुशार लोक त्याच्या वाटेला जात नाही. असा सरळ हिशेब होता. इथे एक बाई सांगत होत्या की उत्तर मिळालेलंच नाही. त्यांच्याजवळ आहे तो पत्ता. तक्रार कुठे पाठवायची तो पत्ता.

आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. नवखा प्रोग्रॅमर एक ठराविक पाप करतो. प्रोग्रॅममध्ये चूक झाली की ती पकडतो आणि तिथेच गिळून टाकतो. स्क्रीनवर सगळं हिरवंगार दिसतं, आत सगळं सडत असतं. सहा महिन्यांनी रात्री तीन वाजता सिस्टीम कोसळते तेव्हा लॉगमध्ये काहीच सापडत नाही. 'संकट ही संधी असते' हे वाक्य मला तसलंच वाटतं. चूक पकडली, गिळली, हिरवा दिवा. सिस्टर चूक गिळत नाहीत. रोज लॉगमध्ये लिहितात, आणि ते लॉग कुणीतरी वाचतंय असं धरून चालतात.

मग मी बायबल वाचायला घेतलं. सगळं नाही. सिस्टरांकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' होतं, त्यातला ईयोब आधी वाचला. ईयोब हा सज्जन माणूस. त्याची गुरंढोरं जातात, मुलं जातात, अंगभर फोड येतात. त्याचे तीन मित्र भेटायला येतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर काही न बोलता बसून राहतात. माझ्या मते त्यांनी केलेलं एकमेव चांगलं काम हेच. त्यानंतर ते तोंड उघडतात आणि घोळ सुरू होतो. तुझ्याच हातून काही चुकलं असेल, देव उगाच शिक्षा करत नाही, वगैरे. बाबा आजारी पडल्यावर आमच्याकडे आलेले नातेवाईक मला ओळीने आठवले. ("मास्तरांनी मीठ फार खाल्लं हो." "वास्तू दाखवून घेतली का?") ईयोब मात्र ऐकून घेत नाही. मी काही केलेलं नाही, देवाने माझ्यासमोर येऊन उत्तर द्यावं, असं पानंच्या पानं भांडतो. आणि गंमत अशी की शेवटी देव रागावतो तो त्या समजावणाऱ्या मित्रांवर. भांडणारा बरोबर बोलला, असा निवाडा होतो.

त्यानंतरची स्तोत्रसंहिता. दीडशे स्तोत्रं, मला वाटलं दीडशे आरत्या असतील. त्यांतली कितीतरी चक्क गाऱ्हाणी निघाली. किती दिवस, कुठे आहेस, झोपलास का, अशा सुराची. आणि मग शुभवर्तमानं. तिथे तर खुद्द येशू अटकेच्याच रात्री गेथशेमाने बागेत हे दुःख टळू दे म्हणून विनवतो, मित्रांना जागं राहायला सांगतो तर ते झोपा काढतात, आणि दुसऱ्या दिवशी वधस्तंभावरून देवाला विचारतो की मला का टाकलंस. म्हणजे बाबांचे ते दोन शब्द त्या धर्माच्या अगदी गाभ्यात, त्याच्या देवाच्याच तोंडी आहेत. हे मला माहीत नव्हतं. कुणी सांगितलंही नव्हतं.

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? आपले तुकोबा विठ्ठलाशी भांडले नाहीत? नामदेव, जनाबाई त्याला हवं तसं बोलल्या नाहीत? अगदी बरोबर. आणि म्हणूनच हा विषय मराठी माणसाला परका वाटायचं कारण नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर म्हणतच असत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. पण टिळकांपेक्षा मला या बाबतीत जास्त शिकवलं ते त्यांच्या बायकोने.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आपल्याला शाळेत धड्यापुरतं भेटतं. त्यातले विनोद लक्षात राहतात, बाकी विसरतो. आता पस्तिशीत परत वाचलं आणि हादरलो. या बाईचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांचं सोवळं इतकं टोकाचं की घर म्हणजे तुरुंग. लहानपणी लग्न झालं ते एका प्रतिभावान आणि पूर्णपणे बेभरवशाच्या कवीशी. आज इथे, उद्या तिथे, हातातले पैसे वाटून मोकळा. पोटची मुलं गेली. आणि मग १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत नवऱ्याने बायकोला न सांगता बाप्तिस्मा घेतला.

त्या काळात याचा अर्थ काय, हे आपल्याला आज नीट कळणारच नाही. नवरा जिवंत, पण घर गेलं, पंगत गेली, समाज गेला. लहानगा दत्तू पदरात. सहानुभूती दाखवायला येणाऱ्यांची रीघ, प्रत्येकाच्या हातात सल्ला. (ईयोबाचे मित्र सगळीकडे असतात.) काही वर्षं त्या नातेवाइकांकडे राहिल्या, मग नवऱ्याजवळ परत गेल्या, पण आपला धर्म आणि आपलं सोवळं सांभाळून. नवरा ख्रिस्ती, बायको ब्राह्मण, स्वयंपाक वेगळा. स्वतःशीच झगडून आधी त्यांनी जातीचा विचार टाकला : ही उतरंड माणसांनी केलेली आहे, देवाने नव्हे. ख्रिस्ती त्या नंतर झाल्या, १९०० साली. म्हणजे नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, स्वतःच्या पायांनी.

मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. श्रद्धेने लक्ष्मीबाईंचं दुःख हलकं केलं, असं कुणी म्हणालं तर ते अर्धंच खरं आहे. आधी श्रद्धेनेच, म्हणजे नवऱ्याच्या श्रद्धेने, त्यांना दुःखात लोटलं होतं. आणि त्यांनी ते लपवलेलं नाही. रुसवे, भांडणं, संताप, सगळं लिहून ठेवलंय. टिळकांवर अपार प्रेम आहे आणि त्यांचा वेडेपणा माफही केलेला नाही. पुढे प्लेग आला तेव्हा ज्या बाई एके काळी विटाळाला घाबरत होत्या त्याच रुग्णांची सेवा करायला उभ्या राहिल्या. १९१९ साली टिळक गेल्यावर पन्नाशीत मुंबईत मुलींच्या वसतिगृहावर नोकरी केली. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य पूर्ण केलं, शाळेत न गेलेल्या बाईने! 'स्मृतिचित्रे' चा पहिला भाग १९३४ साली आला, १९३६ साली त्या गेल्या.

त्या पुस्तकात उपदेश जवळजवळ नाही. हसू आहे. स्वतःवरचं हसू. मला वाटतं, ज्याला आपलं गाऱ्हाणं कुणीतरी ऐकतंय याची खात्री असते त्याला हसायला थोडी जागा उरते. ज्याला सगळं एकट्यानेच वाहायचं असतं त्याच्या चेहऱ्यावर कमळवाल्या बाईंचं हसू येतं.

दुसरं नाव पंडिता रमाबाईंचं. त्यांची गोष्ट आकड्यांतच सांगतो, कारण विशेषणं कमी पडतात. १८५८ साली जन्म. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात तीर्थयात्रा करत फिरणारं कुटुंब उपाशी पडलं. आई, वडील, बहीण गेली. भाऊ १८८० साली गेला. त्याच वर्षी लग्न, १८८१ साली मुलगी मनोरमा, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा कॉलऱ्याने गेला. वय वर्षं तेवीस. ऐकूही कमी यायला लागलं होतं. संस्कृत पुराणं मुखोद्गत असलेली ही बाई पुढच्या वर्षी इंग्लंडला जाते आणि तिथे बाप्तिस्मा घेते. आपल्याकडे त्यावरून उठलेलं वादळ सगळ्यांना ठाऊक आहे. तिकडच्या धर्मगुरूंशी आणि सिस्टरांशीही तिने वाद घातला, हे मात्र कमी सांगितलं जातं. तुम्ही म्हणाल ते सगळं मी मानणार नाही, माझं मी वाचीन आणि ठरवीन, हा तिचा बाणा. बाप्तिस्म्यानंतरही आपल्याला खरी श्रद्धा सापडायला काही वर्षं लागली, असं तिने स्वतः सांगून ठेवलंय.

१८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्याला आलं. आणि १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आता विचार करा. ज्या बाईने दुष्काळात आईबाप उपाशी मरताना पाहिले, तिने दुष्काळाची बातमी ऐकून काय करावं? तुम्ही-मी पेपर मिटून ठेवला असता. रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. तिथे मुलींना विणकाम, छपाई, शेतीची कामं शिकवली. ते आजही चालू आहे, पुणे-दौंड रेल्वेमार्गावर. जुनी जखम बरी झाली म्हणून त्या गेल्या, असं मला वाटत नाही. त्या जखमेमुळेच रस्ता माहीत होता.

शेवट तरी सुखाचा असावा ना? नाही. जिने पुढे संस्था चालवायची ती मनोरमा १९२१ च्या जुलैत गेली. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबलचं भाषांतर करत होत्या. मुलगी गेल्यावर त्या कामाला लागल्या, ते जवळजवळ शेवटच्या दिवसापर्यंत. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या तेव्हा भाषांतर पूर्ण झालेलं होतं.

या दोघींकडे आणि आमच्या सिस्टरांकडे पाहून मला एक गोष्ट कळली. दुःख का आलं, याच्या शोधात त्या अडकून पडल्या नाहीत. प्रश्न वर पाठवला आणि हात समोरच्या कामाला लावले. दोन्ही एकाच वेळी. नुसता प्रश्न धरून बसलं की माणूस कडवट होतो, नुसतं काम करत राहिलं की एक दिवस मोडतो. (दुसरं मी स्वतः करून पाहिलंय.)

पण आणखी एक गोष्ट हवी, आणि ती एकट्याने होत नाही. आमच्याच रायगड जिल्ह्यात, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गाव आहे. किल्ला पाहायला बरेच जण जातात. पोर्तुगीज १७४० साली तिथून गेले. राज्य गेलं, फौज गेली, पाठीशी उभं राहणारं कुणी उरलं नाही. मागे राहिली ती गावातली ख्रिस्ती माणसं, बहुतेक गरीब. त्यांनी आपल्या प्रार्थना टिकवल्या, आणि त्याबरोबर पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली एक बोली टिकवली. ते तिला 'नौ लिंग', आपली भाषा, म्हणतात. पावणेतीनशेहून जास्त वर्षं! हे कुणा एका धीराच्या माणसाचं काम नव्हे. दर रविवारी शेजारी बसणारी तीच माणसं, म्हणायचे तेच शब्द. आपला मूड असो वा नसो. आपल्या पिढीने सगळं 'पर्सनल' करून टाकलंय, दुःखसुद्धा. प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड.

या श्रद्धेची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी लबाड ठरेन. आपल्याकडे चंगाई सभांचे फलक लागतात, 'एका रात्रीत बरे व्हा' वगैरे. बाबांच्या बाबतीत एका लांबच्या ओळखीच्याने तिथे न्यायचा सल्ला दिला होता, आणि आधी गोळ्या बंद करा असंही सांगितलं होतं. मी सिस्टरांना विचारलं. इतक्या रागावलेल्या त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. "देवाने डॉक्टर दिले ते कशाला? गोळी चुकवली तर माझ्याशी गाठ आहे!" त्या आधी बीपी मोजतात, मग डोळे मिटतात. हा क्रम मी कधी उलटा झालेला पाहिला नाही. जी श्रद्धा सोसायला बळ देते आणि जी सोसावंच लागणार नाही असं आश्वासन देते, त्या दोघींचा पेहराव सारखा असला तरी धंदा वेगळा आहे. दुसरी प्रत्येक धर्मात मिळते, आणि बहुतेक वेळा पैसे घेऊन.

दुसरा आक्षेप जास्त कठीण. ऐकणारा नसेलच तर? सिस्टर अकरा वर्षं रिकाम्या खोलीत बोलत असतील तर? माझ्याकडे याचं उत्तर नाही. एवढंच दिसतं की त्या खोलीतून त्या रोज बाहेर येतात तेव्हा त्यांना दुसऱ्याचं दुःख दिसतं. माझ्या रिकाम्या खोलीतून मी बाहेर येतो तेव्हा मला फक्त माझंच दिसतं.

आता बाबांचं सांगतो. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सिस्टर व्यायाम करून घेताना टिळकांचं एक भजन गुणगुणत होत्या. त्यांच्या चर्चमध्ये ती भजनं अजून म्हणतात, आणि चाल अगदी आपल्या अभंगाची. बाबांनी डाव्या हाताने पलंगावर ठेका धरला. मग त्या भजनावर त्यांनी आपला तुकोबांचा अभंग चढवला. शब्दांसकट! दीड वर्षं ज्या माणसाला 'पाणी' म्हणता येत नव्हतं त्याने अख्खं कडवं म्हटलं. आई स्वयंपाकघरातून हातात उलथनं घेऊन धावत आली.

चमत्कार नाही. मी नंतर वाचलं, आणि सिस्टरांनी आधीच सांगितलं होतं. बोलण्याचं केंद्र बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे असतं, पण गाण्यात उजवी बाजूही मोठं काम करते. म्हणून बोलता न येणारे काही रुग्ण गाऊ शकतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत यावर उपचारपद्धतीही बसवली गेली, साधी वाक्यं चालीवर म्हणायला लावायची. आम्ही आता तेच करतो. बाबा 'चहा दे' हे भैरवीत मागतात. आई कधी कधी त्याच सुरात 'थांबा जरा' म्हणते. सगळं परत येणार नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. उजवा हात तर नाहीच. दुसरा झटका येऊ शकतो, तेही सांगितलंय.

मी काय करतो? प्रार्थना मला जमत नाही, खोटं कशाला बोलू. पण शनिवारी रात्री सगळे झोपले की ओट्यावर बसतो आणि समोरच्या अंधाराला उद्देशून गाऱ्हाणं सांगतो. हळू आवाजात, शेजारी काय म्हणतील म्हणून. काम गेलेल्या मित्रांचं सांगतो, बाबांच्या हाताचं सांगतो, आई थकत चाललीय ते सांगतो. पत्ता मला ठाऊक नाही. तरी पाठवतो. आणि रविवारी सकाळी बाबांच्या पाठीला तेल लावायचं काम माझं, ते आता मी टाळत नाही. आधी टाळायचो.

मागच्या रविवारी सिस्टर माझ्याबरोबरच निघाल्या होत्या. रिक्षा मिळाली नाही म्हणून पेणला गाडीने जाणार होत्या. प्लॅटफॉर्मवर बसलो असताना कोकणातली एक लांबची गाडी धाडधाड करत न थांबता गेली. मी सहज विचारलं, "सिस्टर, अकरा वर्षं उत्तर नाही, कंटाळा नाही येत?"

त्या साडीवरची धूळ झटकत म्हणाल्या, "येतो की. एखाद्या दिवशी मी बोलतच नाही त्याच्याशी. राग राग करते. मग दुसऱ्या दिवशी परत जाते." आणि मग, "काकांची संध्याकाळची गोळी वहिनींना सांगितलीस ना?"

सांगितली नव्हती. फोन काढून आईला लावला.